थांब म्हणायला शिकलेला भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. पुष्कळ वर्षे माझ्या पोटात सेलच्या जागी एक पत्र होते. माझ्या मालकांनी त्याला उत्तर दिले नव्हते.

मालक ग्रंथपाल, मुलखाचे लाजाळू. पण मला तोंडाला लावले की त्यांना कंठ फुटे. म्हणून मॅरेथॉनच्या शेवटच्या वळणावर दरवर्षी त्यांनाच उभे करत. त्या दिवशी सगळे लॉज भरत, केळीवाल्याची गाडी उन्हाआधी रिकामी होई. बेचाळीस किलोमीटर पळून आलेल्यांचे गाल घामाच्या मिठाने पांढरे झालेले असत. आम्ही छातीवरचा आकडा वाचून ओरडायचो, "एकशे बारा, थांबू नको! आलंच!" गळाठलेले पाय पुन्हा उचलत. लोक आम्हाला शाबासकी देत.

एका वर्षी एकशे बारा खरेच थांबला नाही. शर्यतीची शेवटची रेघ ओलांडून कोसळला, तो उठलाच नाही.

मग त्याच्या आईचे पत्र आले. 'शेवटी तुम्हीच त्याच्याशी बोललात म्हणे. नावाने हाक मारली होती का? लहानपणापासून नावाने हाक मारली की तो असेल तिथे थांबायचा.' खाली त्याचे नाव होते.

मालकांनी माझे सेल काढले, पत्र आत ठेवले आणि मला कपाटामागे टांगले.

"अहो, अख्खं वाचनालय वाचून काढलंत, दोन ओळी लिहवत नाहीत?" त्यांची बायको म्हणाली.

"काय लिहू? नाही मारली, असं?"

"तसंच लिहा. ती आई आहे, परीक्षक नाही."

त्यांनी लिहिले नाही. मी मुका होतो, तरी माझ्या घशात माझाच आवाज घुमे, थांबू नको. पहाटे रस्त्यावर पावले वाजत, एक पाय फरफटत. ती जवळ येत, पण कधी पोचत नसत. मालक दचकून पुस्तक मिटत.

"काय झालं?" बायको विचारी.

"कोणी नाही," ते म्हणत.

परवा पहाटे त्यांनी मला खाली काढले, पत्र खिशात ठेवले, नवे सेल घातले. आम्ही त्याच वळणावर गेलो. रस्ता रिकामा होता. पावले आली. मालकांनी मला ओठांशी धरले आणि त्याला नावाने हाक मारली.

"थांब रे बाळा. पोचलास तू."

पावले थांबली.

मित्रांनो, दमलेल्याला पळ म्हणण्याआधी त्याच्या चेहऱ्याकडे एकदा बघा. जमल्यास नाव विचारून ठेवा.

तिथेच, माझ्या पाठीवर कागद टेकवून, मालकांनी लिहिले, 'तेव्हा नाही मारली. आज मारली. थांबला.' आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट टाकले.