भीतीचा चेहरा

चित्रकार तोंडाचा फटकळ, रागाचा भडका. पण कामाला वाघ. न्यायालयाच्या मोठ्या दालनात त्याने भिंतभर माणसं उभी केली. न्याय, सत्य, शांती, दया, लोभ, भीती. प्रत्येकाला हातपाय, प्रत्येकाला चेहरा. पद्धत त्याची ठरलेली. सद्गुणांसाठी कुणाला तरी समोर बसवायचं, दुर्गुण मात्र मनाने काढायचे. "लोभ काढायचाय, जरा बसता का?" असं कुणाला विचारणार? चपला खायच्यात का?

शांतीसाठी बायकोला बसवलं. तिचा चेहरा काही केल्या जमेना. "अगं, सैल बस की जरा! शांती आहेस तू, शांती!" तो खेकसायचा, की ती आणखीच आखडायची. महिनाभराने कसाबसा एक गुळगुळीत चेहरा उतरला. भीती मात्र एका दुपारीत झाली. ब्रश आपोआप चालला. गडी खूश होऊन शीळ घालत घरी गेला.

उद्घाटनाला बायको आली, सासरेही आले. पडदा सरकला आणि न्यायाधीशबाई थेट भीतीसमोर थबकल्या. "बाई गं! बघूनच पोटात गोळा येतो हो!" टाळ्या पडल्या. चित्रकाराची छाती फुगली. आता फक्त सासऱ्यांची शाबासकी हवी होती. बारा वर्षं त्या माणसाने एकदा वाहवा केली नव्हती.

सासऱ्यांनी चष्मा पुसला, भिंतीजवळ गेले. "जावईबापू, ही माझी लेक आहे."

"छे हो! ती पलीकडची. शांती."

"लेकीला ओळखत नाही का मी? पण तिचा असा चेहरा मी कधी पाहिला नाही. तुम्ही कुठे पाहिलात?"

चित्रकाराच्या पायाखालची जमीन सरकली. भुवया तिच्याच. दाताखाली धरलेला ओठ तिचाच. रोज ती दार उघडायची तेव्हा तो हेच बघत आला होता, म्हणून तर हात कुठे अडखळला नव्हता. अरे देवा! लोक आता भिंतीवरून नजर काढून त्याच्या बायकोकडे बघू लागले.

"काहीतरीच काय! मी तिला शांती केलंय, ती बघा ना!" म्हणत त्याने दाखवायला तावातावाने हात उचलला.

शेजारी उभ्या बायकोने गपकन डोळे मिटले आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले.

सासऱ्यांनी लेकीच्या खांद्यावरची पिशवी आपल्याकडे घेतली. "चल बाळ, घरी चल."

आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच, "जाऊ का?" असं नवऱ्याला न विचारता ती निघाली.