मडकावाणी वार लावून जेवते

तुम्ही चोर आहात, साहेब. याहून मऊ शब्द पंचशीलाला सापडला नाही आणि तिची गोष्ट सांगणाऱ्यालाही सापडत नाही. परवाना नाही म्हणून तुम्ही भाईंदर पूर्वेच्या एका गल्लीतून मशीन उचलून नेलंत. बरं, नेलंत. पण तेच मशीन स्वतःच्या सत्काराला लावलंत! पहिलं तुमच्या कायद्यात बसतही असेल. दुसरं कशात बसतं?

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही, त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगायला हवं.

जेसल पार्कच्या अलीकडे ती गल्ली. एक चाळ, दोन बिल्डिंगी, आणि मधोमध मिठागरवाल्यांची जुनी कौलारू घरं, बिल्डिंगींनी दोन्हीकडून दाबून धरलेली. चाळीत पंचशीला राहायची. तिचे वडील ज्ञानदेव परभणीकडून आलेले. भीमजयंतीला चाळीचा लाऊडस्पीकर तेच सांभाळायचे. ते गेले तेव्हा लेकीला एक ॲम्प्लिफायर आणि एक माईक ठेवून गेले. दागिने ठेवले असते तर तिने मोडून खाल्ले असते. मशीन काही मोडवेना.

पंचशीला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. दिवसभर कानात ताटं-वाट्या. माणसं बोलताना नुसती तोंडं हलताना दिसायची. घरी आली की तिला वाटायचं, कुणीतरी बोलावं, काहीही बोलावं, आणि आपण ऐकावं. म्हणून एकदा तिने शेजारच्या रवीला गाठलं. रवी केबलवाला.

"रवी, तुझ्या तारेतून घरोघर नाचगाणी जातात. माझं बोलणं जाईल का?"

"ताई, तारेला नाचायची लाज वाटत नाही, तर बोलायची काय वाटायची? तार टाकतो."

त्याने गच्च्यांवरून, कौलांवरून, पेरूच्या झाडावरून, मैदानाकडेच्या खांबावरून वेगळी तार फिरवली. ज्याला ऐकायचंय त्याने आपापला स्पीकर आणायचा आणि मडक्याच्या तोंडावर बांधायचा. मडक्यात आवाज कसा घुमतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणून आमच्या या रेडिओ स्टेशनचं नाव पडलं मडकावाणी. बारसं कुणी केलं नाही, नाव आपोआप चिकटलं.

आता सवाल असा, की स्टेशन ठेवायचं कुठे? पंचशीलाच्या खोलीत माणूस आडवा झाला तर दुसऱ्याने उभं राहायचं. शिवाय वीज कुणाची, चहा कुणाचा? तेव्हा तोडगा काढला पुष्पलताकाकीने. काकी मिठागरवाल्या घरातली, गावच्या लग्नांत धवले गाणारी. आवाज असा, की नवरदेवाच्या पोटात गोळा यावा.

"आगं, पूर्वीची गरीब पोरं वार लावून जेवायची न्हाय का? आज या घरी, उद्या त्या घरी. तुजं मशीनबी तसंच जेवंल. आमचं घर हाय की."

झालं. मडकावाणी वार लावून जेवायला लागली. ज्याच्या घरी वार, त्याची वीज, त्याचा चहा आणि त्याचाच कार्यक्रम. पंचशीलाने वर दोन नियम घातले. एक, घरमालकाने आधी स्वतः बोलायचं. नुसती कॅसेट लावून पळायचं नाही. दोन, ऐकणाऱ्याने खिडकीतून प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं. उत्तर दिल्याशिवाय मशीन त्या घरातून हलणार नाही.

मग काय विचारता! सोमवारी किराणावाल्या हितेशभाईच्या आईने थेपले सांगायला घेतले आणि पीठ मळून होईपर्यंत तिन्ही सुनांची उणीदुणी काढून झाली. मंगळवारी चाळीत भीमगीतं, मडकी फुटतील अशी. बिल्डिंगीतल्या मृणालिनीबाई घोरण्यावर घरगुती उपाय सांगत होत्या आणि त्यांचे यजमान बाजूच्या पलंगावर उपाय चालत नसल्याचा पुरावा देत होते. काकीचा धवला सुरू झाला की गुजराती बायका न समजता डोळे पुसायच्या. एका घरी वार आला तेव्हा त्या माणसाला काहीच येईना. त्याने आपल्या कारखान्यातल्या सगळ्या मशीनांचे आवाज तोंडाने काढून दाखवले. लोकांनी पुन्हा पुन्हा मागितले.

आणि खुद्द हितेशभाई! त्याचा वार आला, त्याने अगरबत्ती लावली, घसा खाकरला, आणि खिडकीतून काकीने विचारलं, "हितेश, तुझ्या तराजूच्या बुडाला काय चिकटवलंय रं?"



"काकी, वो... ऐसा है..."

"न्हाय, मराठीत सांग. समद्यांना कळू दे."

"चिंच आहे," हितेशभाई म्हणाला. घाम त्याच्या आवाजातून ऐकू येत होता. "पण लहान आहे."

गल्ली इतकी हसली की तार हलली असावी. दुसऱ्या दिवशी हितेशभाईने सगळ्यांदेखत चिंच खरवडून काढली, तेव्हापासून त्याच्या दुकानात गर्दी मावेना. त्याच्याच घरी, त्याच वारी, मसाल्याचा चहा मशीनमध्ये सांडला. तेव्हापासून मशीन चालू केलं की आधी मांजरीसारखं केकाटायचं, "म्यांऽऽव", मग दोनदा शिंकायचं, आणि मग कुठे माणसाळायचं. रवीने उघडून पाहिलं, पुसलं, मारलं. मांजर काही बाहेर आली नाही. गल्लीने तिलाही सामावून घेतलं. म्यांव ऐकू आलं की घरोघर बायका हात पुसत मडक्यापाशी यायच्या.

इथवर तुम्हाला काही अडचण नव्हती, साहेब. अडचण आली ती सकाळच्या बातमीने. रोज सकाळी ज्याचा वार त्याने नळ सोडून पाहायचा आणि जे असेल ते सांगायचं. काकी सांगायची, "पानी न्हाय आयलं." हितेशभाई सांगायचा, "पाणी नथी, भाई, नथी." मृणालिनीबाई शुद्ध भाषेत सांगायच्या, "नळातून केवळ हवा येत आहे." बातमी एकच. आणि नगरपालिकेचं पाणीखातं हाताखाली असलेले तुम्ही पेपरात छापून आणत होतात की पूर्वेला पाणी सुरळीत!

तुम्ही दोन माणसं घेऊन आलात तो काकीचा वार होता.

"याचा मालक कोण?" तुम्ही विचारलंत.

"आज मी," काकी म्हणाली. "काल ह्यो हितेश. उद्या त्या घोरणाऱ्याची बायको."

"परवाना?"

पंचशीला पुढे झाली. तिने पेपरात वाचलं होतं, ते कात्रणही जपून ठेवलं होतं. "साहेब, दिल्लीच्या मोठ्या कोर्टाने याच वर्षी सांगितलंय, हवेतल्या लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत."

"ते हवेचं," तुम्ही म्हणालात. "तुमची तर तार आहे."

तुमच्या हुशारीची दाद द्यायला हवी. हवेतून बोललो असतो तरी पकडलं असतं, तारेतून बोललो तरी पकडलं. मग बोलायचं कशातून, पाण्यातून? ते तर तुम्ही सोडतच नाही.

"जबाबदार कोण?" तुम्ही पुन्हा विचारलंत. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. खरंच कुणी नव्हतं, किंवा सगळेच होते. पंचशीलाला वाटलं, बापाचं मशीन आहे, आपण बोललं पाहिजे. ती म्हणाली, "मी."

तुम्ही मशीन उचललंत. काकीच्या चुलीवरचा चहा उकळून सांडला, तिकडे कुणी पाहिलं नाही.

त्यानंतर मडकी नुसती मडकी झाली. एकीने तर त्यात तांदूळ भरले. पंचशीला कारखाना सुटला की तुमच्या ऑफिसात यायची. "चौकशी चालू आहे." पुन्हा यायची. "साहेब मीटिंगमध्ये आहेत." तुमच्या शिपायालाच तिची दया यायची. गल्लीत कुणी तिला बोल लावला नाही, पण संध्याकाळी बायका सवयीने मडक्यापाशी येऊन उभ्या राहायच्या, आणि ते तिला बघवत नसे. आपण 'मी' म्हणालो म्हणून तर गेलं नाही ना? सगळेच 'मी' म्हणाले असते तर त्यांनी कुणाकुणाला उचललं असतं? हा विचार ताटं पॅक करताना तिच्या डोक्यात ताटांपेक्षा जास्त वाजायचा.

मग तुमचा सत्कार आला. पाण्याची नवी टाकी बांधल्याबद्दल. टाकी गल्लीला लागून असलेल्या मैदानात, दिमाखदार, रंगवलेली आणि कोरडी ठणठणीत. मांडव पडला, खुर्च्या लागल्या, हार आले. गल्लीतली माणसं गेली, कारण चहा-वेफर्स होते. पंचशीला गेली, कारण काकीने ओढत नेलं. "चल गं, त्याचं त्वांड तरी बघू."

तुमच्या माणसाने माईकचं बटण दाबलं.

"म्यांऽऽव."

 मशीन दोनदा शिंकलं.

"आपली मांजर!" काकी किंचाळली.

पहिल्या रांगेतून शेवटच्या रांगेपर्यंत हसू पसरत गेलं. हितेशभाई खुर्चीवरच चढला, "अरे आपडी छे! आपडी!" मृणालिनीबाईंचे यजमान जागे झाले. पंचशीलाला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. टाकीवर चढून नाचावं असं तिला वाटत होतं. इतके दिवस ती दारोदार जे शोधत होती, ते तुम्ही मांडव घालून, हार घालून, तिच्याच अंगणाशी आणून ठेवलं होतं.

आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मशीन ज्याच्या घरी, वार त्याचा! मडकावाणी बंद पडलीच नव्हती. ती इतके दिवस साहेबांकडे जेवत होती.

"रवी," ती म्हणाली, "आपली तार?"

"खांबावर आहे की. ही काय डोक्यावर." रवी तोवर निम्मा खांब चढलाही होता. तुमच्याच माणसांनी त्याला शिडी धरली. त्यांना वाटलं, मांडवाचाच वायरमन आहे.

काकी तुमच्यासाठी ठेवलेल्या चहाच्या किटलीपाशी गेली. "वार तुमचा, चा बी तुमचा," असं म्हणून तिने सगळ्या बायकांना कप वाटले. कार्यकर्ते तिला अडवायला गेले, पण ज्यांच्या लग्नात ती गायली होती ते तिला अडवणार कसे? निम्म्यांनी चहा घेतला.

पंचशीला स्टेजवर चढली. निवेदकाला वाटलं, हार घालायला आली. त्याने माईक पुढे केला.

"नमस्कार," ती म्हणाली. "ही मडकावाणी. आज वार साहेबांचा."

गल्लीत, घरोघर, धूळ खात पडलेली मडकी एकदम बोलली. तांदूळ भरलेल्या मडक्यातून आवाज जरा दाणेदार आला म्हणतात. खिडक्या फटाफट उघडल्या. आजारी माणसं उठून बसली. जे वेफर्सना मुकले होते ते धावत सुटले.

"आपला नियम सगळ्यांना माहीत आहे," पंचशीला म्हणाली.  "घरमालकाने आधी स्वतः बोलायचं. ऐकणाऱ्याने विचारलं तर उत्तर द्यायचं. पहिला प्रश्न माझा. साहेब, मशीन कोणत्या कायद्याने नेलंत, आणि नेलंत ते सत्काराला कुणाला विचारून लावलंत?"

माईक तुमच्यासमोर आला. सगळं मैदान, सगळी मडकी कान देऊन बसली.

तुम्ही खोकलात.

तो खोकला घरोघर गेला, साहेब. पोरं अजून त्याची नक्कल करतात. मग तुम्हाला अर्जंट काम आठवलं, गळ्यातल्या हारासकट तुम्ही जीपमध्ये बसलात, आणि मशीन मागेच राहिलं. ते आम्ही हातगाडीवर घालून नाचवत आणलं. काकीचा नवरा बाळाराम, जो स्वतःच्या लग्नात नाचला नव्हता, तो गाडीपुढे नाचला. काकीने धवला म्हटला, नवरदेवाच्या जागी ॲम्प्लिफायरचं नाव घालून.

पण घोळ झालाय. पुढचा वार काकीचा. काकी गळा साफ करून बसलीय, आणि पंचशीला मशीन पुढे सरकू देत नाही. उत्तर आलेलं नाही; वार अजून तुमचाच आहे. रोज संध्याकाळी मांजर ओरडते, दोनदा शिंकते, पंचशीला म्हणते, "आज वार साहेबांचा," आणि मडक्यांतून नुसती घरघर ऐकू येते.

काकी तिच्यावर रागावली. "आगं, त्यो काय येतोय? माजा धवला वाळून चाललाय!"

तेव्हा हितेशभाईच मध्ये पडला. "नहीं काकी. मी उत्तर दिलं होतं. सबके सामने चिंच काढली होती. साहेबांना सूट कशाला?"

काकीने पदर खोचला. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. वाट बघू. पन चा त्याच्याकडनं वसूल करायचा."

तर असं आहे. माईक चालू आहे, साहेब. तार तुमच्या ऑफिसपर्यंत न्यायची रवीची तयारी आहे. मडकी धुऊन ठेवलीत, तांदूळ दुसरीकडे काढलेत. एका म्हातारीचा धवला तुमच्यापायी अडकून पडलाय. कायदा कोणता, ते सांगा. खोकू नका. बोला.