अरुंद तोंडाचं पॉकेट

चिटगुप्प्याच्या क्लबात पूलच्या टेबलावर नेत्रावतीला कुणी हरवत नसे. कलबुर्गीच्या स्पर्धेत मात्र तीन डावांचा अंतिम सामना नव्याच टेबलावर होता; पहिल्याच डावात तिचे तीन बॉल टेबलाच्या कडेच्या भोकाच्या, म्हणजे पॉकेटाच्या, तोंडाशी खडखडून बाहेर आले आणि डाव गेला.

"अक्का, हात थरथरायलाय का?" धाकट्या भावानं, अमरेशनं विचारलं.

"हात न्हाई रे, पॉकेटाचं तोंड अरुंद हाय. आपल्याकडं कडेला घासलेला बॉलबी आत जातो. हितं जोरात मारला की दोन्ही कडांवर आपटून परत यायलाय."

पुढच्या डावात तिनं जोर निम्म्यावर आणला आणि प्रत्येक बॉल पॉकेटाच्या बरोबर मध्यावर सोडला. बॉल अलगद आत पडू लागले. तो डाव तिनं घेतला, मग तिसराही.

"या टेबलावर आधी खेळली होतीस?" हरलेल्या मुलीनं विचारलं.

"व्हय, पहिला डाव," नेत्रावती हसली.