कोरडी भिंत

साहेब, ‘कोरडी’ हा शब्द तुमचा. त्या घरातल्या तिघांपैकी कुणीही तो आधी काढला नव्हता. पुढं जे झालं ते तुमच्या त्या एका शब्दानं झालं, आणि तुम्ही रुमालाला हात पुसून मोकळे झालात.

भेगसुद्धा तुमचीच. गटाराचा पाइप टाकायला तुमच्या पालिकेच्या माणसांनी गल्ली खणली ती इस्त्रीवालीच्या भिंतीला खेटून, आणि माती न दाबता, न चोपता तशीच लोटून ती माणसं निघून गेली. भिंत एका अंगानं खचली. कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत बोट जाईल एवढी भेग पडली. मग तुम्ही आलात. भेगेत पेन खुपसून बघितलंत आणि बजावलंत, “सोमवारी येतो. भेग बुजलेली पाहिजे आणि भिंत कोरडीठाक. ओल दिसली तर घर धोकादायक. मग रिकामं करायचं.”

रिकामं करायचं म्हणे! त्याच भिंतीलगत तिचे सासरे खाटेला खिळलेले. कमरेखाली जीव नाही, जीभ मात्र शाबूत. नवरा गेल्यापासून ती, ते आणि पंक्चर काढणारा धाकटा दीर, एवढंच घर. इस्त्रीचं टेबलही त्याच खोलीत. घर गेलं की पोटही गेलं.

सिमेंट आणायला ती स्वतः गेली. दुकानदार पोतं उचलून देताना म्हणाला, “भेग आधी खरवडून मोठी करा, ताई. भिंत चांगली भिजवा, मग कालवलेला माल भरा. आणि भरल्यावर पाणी मारत राहा, सुकू देऊ नका.”

“सुकू देऊ नका?” तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण त्याचं लक्ष पुढच्या गिऱ्हाइकाकडं गेलं होतं.

घरी दिरानं, भाऊजींनी, पत्र्यावर वाळू-सिमेंट मिसळलं, मधे आळं केलं आणि बादली ओतली.

“भाऊजी, भिंत बुजवायचीय, आंघोळ नाही घालायची!”

“वहिनी, तुम्ही कॉलरी बघा. हे ठिगळाचं काम, म्हणजे माझं.” त्यांनी आणखी वाळू ढकलली.

“दुकानदार म्हणाला, भिंत भिजवून घ्या.”

“वेडा आहे तो. ओल्या ट्यूबला ठिगळ धरतं का कधी? आधी पुसून कोरडं करायचं, घासायचं, मग चिकटवायचं. जन्म गेला माझा.” आणि त्यांनी खरंच फडक्यानं भेग पुसून घेतली.

तिला तरी दुसरं काय ठाऊक होतं? तिच्या हाताखालून जे ओलं येतं ते अपुरं, जे कोरडं होऊन घडीला बसतं ते पुरं. दुकानदार ‘पाणी’ म्हणाला होता. साहेब ‘कोरडी’ म्हणाले होते. घर पाडण्याचा अधिकार दुकानदाराकडं नव्हता.

माल भरून झाला, थापीनं सारखा केला. रविवारची दुपार टळली तरी भिंतीवर काळपट ओला पट्टा तसाच. ती भाऊजींना म्हणाली, “उद्या साहेब आले आणि हे असं दिसलं तर?”

मग तिनं इस्त्रीत निखारे भरले. भिंतीपासून वीतभर लांब धरून ती इस्त्री वरून खाली, खालून वर फिरवायला लागली. हात भरून आला की भाऊजी. पट्टा हळूहळू पांढरा पडला.

खाटेवरून सासरे म्हणाले, “सूनबाई, बाही राहिली बघ. खिडकीखाली.”

“बाबा, हसवू नका, निखारा सांडेल.” पण ती हसली. कित्येक दिवसांनी त्या घरात तिघं एकदम हसले. पट्टा खडूसारखा गोरा झाला होता. तिनं तळवा टेकवून बघितला. कोरडाठाक.

सोमवारी तुम्ही आलात. लांबून बघून मान हलवलीत. तिच्या जिवात जीव आला. मग तुम्ही खिशातून किल्ली काढून पट्ट्यावर ठोकलीत. आवाज पोकळ आला. किल्लीचं टोक लावून जरा ओढलंत, आणि सगळा पट्टा भिंत सोडून खाली आला, थेट म्हाताऱ्याच्या चादरीवर. दगड नाही, पीठ. सासरे खोकायला लागले. ती धावली, त्यांच्या पापण्यांवरचं सिमेंट पदरानं टिपायला लागली.

“हे काय काम झालं? पाणी नाही मारलं का याला?” तुम्ही म्हणालात. “एवढंही कळत नाही? सिमेंट आहे हे.”

“तुम्हीच कोरडी म्हणालात!” भाऊजी ओरडले.

“भिंत म्हणालो. सिमेंट कुठं म्हणालो?” आणि तुम्ही दारावर लाल फुली मारायला सांगितलीत. संध्याकाळपर्यंत रिकामं करा.

तुमच्याबरोबर आलेल्या रंगवाल्याचा ब्रश दारावर फिरला. तुम्ही गाडीकडं वळलात. इस्त्रीवाली पदर तसाच हातात धरून बाहेर आली आणि गाडीच्या उघड्या दारात उभी राहिली. आवाज चढवला नाही तिनं. तो चढायला छातीत हवा लागते.

“दार लावू नका, साहेब. माझ्या सासऱ्यांना पाठीला आधार लागतो, भिंतीला टेकवल्याशिवाय त्यांना घासही गिळता येत नाही. आज संध्याकाळी त्यांना कुठल्या भिंतीला टेकवू? तुमच्या ऑफिसच्या की तुमच्या घरच्या? बोला. मी हलत नाही इथून. बोला ना!”