ओठांपुरतं पाणी

एका दमात पोहोचलं तर धाकट्याला काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकते. बक्षीस नाही, बढती नाही. त्याच्या थोरल्या भावाने एकदा तो लांबचा रस्ता वाटेत कुठेही न थांबता कापला होता. तेव्हापासून घरात चार माणसं जेवायला बसली की भाजीच्या आधी ती गोष्ट वाढली जायची. ती गोष्ट बंद पाडायची, एवढाच धाकट्याचा नफा. मोठी माणसं किती स्वस्तात फुगतात, ते मित्रांनो, तुम्ही घरी पाहिलं असेलच.

मी एक जुनी पाण्याची बाटली आहे, स्टीलची. मुळात मी पत्र्याचा एक गोल तुकडा. यंत्राने दाबून दाबून मला उंच केलं, गळा आवळला, अंग घासून चकचकीत केलं. शेवटी कारखान्यातल्या तपासणीच्या बाईंनी मला भरून उलटी धरली, गदागदा हलवली आणि म्हणाल्या, "गळत नाही. चालेल." ती माझी पहिली शाबासकी. आम्हा बाटल्यांत आतलं आत ठेवणं हाच मोठेपणा. माणसांत तो गुण की रोग, ते मला पुढे कळलं.

माझी मालकीण वीज कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे बसायची. कुणाचं बिल फुगलेलं, कुणाचा दिवा गेलेला. जो तो येऊन तिच्यावर ओरडायचा. सगळी कचेरी तिला 'तक्रारबाई' म्हणायची. दिवसभर बोलून तिचा घसा सुकायचा आणि मी जेवणाच्या सुट्टीआधीच रिकामी व्हायचे.

"ही बाटली नसती तर मी इथंच वाळून गेले असते," ती म्हणायची.

"सगळ्यांच्या तक्रारी घेता, तुमची कधी ऐकली नाही," शिपाई चिडवायचा.

"माझी कुठल्या खिडकीत द्यायची, ते तरी सांगा!"

सगळे हसायचे. मला त्या दिवसांचा फार अभिमान होता.

पुढे तिला दिवस गेले. पोट वाढलं तशी ती सुट्टीत मला पोटाशी टेकवून बसायला लागली. मग आतून कुणीतरी माझ्या अंगावर टकटक करायचं. आधी हळू, मग चांगली लाथच. माझ्यातलं पाणी थरथरायचं आणि मालकीण म्हणायची, "बघा, आलं गिऱ्हाईक तक्रार घेऊन!"

दिवस भरत आले आणि नेमकं तेव्हाच थोरल्याने नवं घर घेतलं. सगळ्यांना जेवायला बोलावलं. डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या, "शक्यतो जाऊ नका. गेलातच तर तासातासाला थांबा, चाला, पाणी पीत राहा. आणि बाळाचं हलणं कमी वाटलं, तर असाल तिथून जवळचा दवाखाना गाठा. वाट बघत बसू नका."

धाकट्याने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, नंदीबैलासारखी मान हलवली. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "न जाऊन कसं चालेल? सख्ख्या भावाचं घर. लोक काय म्हणतील?" लोक त्या दिवशी आपापल्या घरी होते, पण त्यांचं म्हणणं मात्र आमच्या गाडीत बसून आलं.

सासूबाई पुढे बसल्या, मालकीण मागे, मी तिच्या मांडीवर, काठोकाठ भरलेली. शहर मागे पडलं तोच गाडीतल्या फोनवर थोरल्याचा आवाज आला. "काय रे, कुठं टेकलास? चहाबिहा चाललाय वाटतं!"

"टेकलो नाही, दादा. एका दमात येतोय."

"वा! बघू या."

थोड्या वेळाने मालकीण म्हणाली, "अहो, पंप दिसला की थांबवता का? जरा जाऊन येते."

"हो हो, थांबवतो ना."

पहिला पंप आला, तो रस्त्याच्या पलीकडे होता. दुसरा आला, तर सासूबाई म्हणाल्या, "शी, इथं नको, किती घाण असेल." तिसरा आला तेव्हा धाकटा म्हणाला, "अगं, आता एवढं आलोय..." खोटं कुणीच बोललं नाही. फक्त गाडी थांबली नाही.

तेव्हा मालकिणीने एक गोष्ट केली. तिने माझं झाकण उघडलं, मला तोंडाला लावलं, ओठ ओले केले आणि झाकण परत घट्ट लावलं. पाणीच प्यायलं नाही तर थांबा म्हणावं लागणार नाही, असा तिचा हिशेब. मी तिची तहान वर्षानुवर्षं ओळखून होते. काठोकाठ भरलेली असून मी तिच्या मांडीवर नुसतीच ओझं झाले.

ऊन वर चढलं. सुरुवातीला माझ्या अंगावर ओळखीची टकटक होत होती. मग ती उशिराने व्हायला लागली. मग एकदा हळूच, बोटाच्या टोकाने व्हावी तशी. आणि त्यानंतर फक्त गाडीचे हादरे. प्रत्येक हादऱ्याला मला वाटायचं, आलं! मालकिणीलाही वाटत असावं, कारण ती श्वास रोखून मला पोटाशी दाबायची.

"अहो," ती म्हणाली, "बाळ हलत नाहीये."



"झोपलं असेल," सासूबाई म्हणाल्या. "गाडीत पोरं झोपतातच. हा धाकटाही लहानपणी गाडीत बसला की झोपायचा."

"आलोच की गं आता," धाकटा म्हणाला. "तिथं गेल्यावर आडवी हो, बरं वाटेल."

उजव्या हाताला एक दवाखाना आला. पांढरी इमारत, दाराशी चाकांची खुर्ची, पायरीवर बसलेली परिचारिका. मालकीण काचेला कपाळ टेकवून त्याच्याकडे बघत राहिली, मग मान वळवून मागच्या काचेतून बघत राहिली. तोंडातून शब्द निघाला नाही. माझ्यासारखीच, तीही गळत नव्हती.

थोरल्याच्या दारात धाकटा उतरला तो हात उंचावूनच. "एका दमात!" थोरल्याने घड्याळ बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. मोठ्या जाऊबाई मागचं दार उघडायला आल्या. त्यांनी मला उचललं आणि थबकल्या.

"अगं, ही भरलेलीच? एवढ्या उन्हात प्यायली नाहीस?"

"गुणाची आहे गं," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "एकदाही थांबवायला लावलं नाही."

जाऊबाईंनी मालकिणीचा चेहरा पाहिला आणि मला दाराच्या कप्प्यात खुपसलं. "भावजी, व्हा बाजूला. किल्ली द्या." जेवण मांडलेलं तसंच राहिलं. त्यांनी स्वतः गाडी हाकली. पण कितीही वेगाने गेलं तरी उशीर झाला होता. दवाखान्यातून मालकीण रिकाम्या हातांनी बाहेर आली. मुलगी होती.

गाडीत बसताना धाकट्याने आईला डॉक्टरांचं बोलणं सांगितलं, ते मी ऐकलं. "म्हणाले, थांबला असतात तर वाचलीच असती, अशी खात्री मी देणार नाही. पण ती गप्प झाल्यावर थांबायला हवं होतं." सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला. 

मालकीण त्या गाडीत पुन्हा बसली नाही. कचेरीत ती काचेच्या पेल्यातून पाणी पिते, असं कानावर आलं. मी अजून मागच्या दाराच्या कप्प्यात आहे, त्याच पाण्यासकट. मला कुणी काढत नाही, कुणी ओतत नाही. रस्ता खराब लागला की माझं अंग दारावर आपटतं, टकटक. धाकटा लगेच ब्रेक लावतो. आता तो वाटेतल्या प्रत्येक पंपावर थांबतो, पलीकडचा असला तरी वळसा घालून. उतरतो, मागचं दार उघडतो, कुणी उतरून परत येईल इतका वेळ दार धरून उभा राहतो आणि मग अलगद लावतो. गाडीत तो एकटाच असतो.

मित्रांनो, तुमच्या गाडीत कुणी थांबा म्हणालं, तर थांबा. आणि कुणी म्हणतच नसेल, तर आणखी आधी थांबा.

आता हिशेब. थोरल्याने ती गोष्ट सांगणं सोडलं. त्याचं एवढंच गेलं. सासूबाईंची झोप गेली. धाकटा पंपापंपावर थोडं थोडं फेडतोय, ते फिटणार नाही. मालकिणीने शब्दही न काढता भरलं. आणि सगळ्यांत मोठी रक्कम, एकरकमी, तिने मोजली, जिला कुठेही पोहोचायची घाई नव्हती.