माझी सूंऽऽ आणि बाबांचा प्रश्न

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे, मुठीत मावेन एवढा. लपवत नाही, माझ्या पोटात जन्मापासून एक बारीक 'सूंऽऽ' आहे. तिच्याहून हळू बोललात तर शब्द तिच्यात बुडतात. फार जोरात ओरडलात तर आवाज फाटतो. या दोहोंच्या मधली जागा, तेवढीच माझी.

माझी मालकीण नाटकांसाठी आवाज टिपायची. मी तिला ताई म्हणतो. तिचे बाबा बंदरावर मुकादम होते. क्रेनच्या गडगडाटालाही न जुमानणारा गळा! एके दिवशी डॉक्टर म्हणाले, गळ्याचे ऑपरेशन करावे लागेल, आवाज राहणार नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ताईने मला बाबांपुढे ठेवले. बाबांचा आवाज म्हणजे तोफ, म्हणून तिने माझी आवाज टिपायची पातळी अगदी खाली ओढली. बाबांनी बंदरावरची आरोळी ठोकली. मी ती झकास टिपली! मग ते हळूच म्हणाले, "जेवलीस का गं, चिमणे?"

सगळे ऐकायला बसले. आई म्हणाली, "आरोळी राहू दे. ते शेवटचं लाव."

ताईने आवाज वाढवला, तशी माझी सूंऽऽही वाढली. प्रश्न तिच्यात पार बुडालेला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

ताईने माझी ती मधली जागा समजावून सांगितली. बाबांना मात्र भलतेच कुतूहल. "म्हणजे याला जमीनही आहे आणि छतही? मग मी जमिनीखाली कसा गेलो?"

"माझंच चुकलं, बाबा. मी तुमच्या आरोळीच्या बेताने लावलं."

"जन्मभर सगळ्यांनी तेच केलं गं," बाबा हसले.

सकाळी दवाखान्यात जायला निघण्याआधी त्यांनी पंखा बंद केला, फ्रिजही. ताईने पातळी चढवली आणि मला बाबांच्या ओठांपाशी धरले. काय सांगू, त्यांचा श्वाससुद्धा ऐकू आला! प्रश्न माझ्या सूंऽऽच्या वर स्वच्छ उमटला.

पुढे नवा रेकॉर्डर आला, माझ्याहून शांत. मी खणात गेलो. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसा, सेल वेळेवर बदला. पण घरातले हळू आवाज टिपायचे असतील, तर आधी जवळ या.

दुपार झाली की बाबा मला खणातून काढतात. कामात गढलेल्या ताईच्या खांद्यावर टकटक करतात. ती हेडफोन उतरवते. बाबा माझे बटण दाबतात.

"जेवलीस का गं, चिमणे?"

"नाही हो, बाबा. चला, बसूया."