गादी डबलच

नवरा गेल्यावर दोन वर्षं सिस्टर त्याच जुन्या गादीवर झोपत होत्या. गादीच्या मधोमध खड्डा पडला होता. कितीही कडेला निजलं तरी पहाटेपर्यंत माणूस घरंगळत त्यातच जायचं. एका सकाळी त्यांना उठताच येईना. भिंत धरून, दातओठ खात त्या कशाबशा उभ्या राहिल्या आणि चहाला बसलेल्या मुलाला-सुनेला म्हणाल्या, "मला नवी गादी घ्यायची आहे. स्प्रिंगची. टिकाऊ."

पस्तीस वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात काढल्यामुळे सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं, आणि आवाजातला वॉर्डही.

"घेऊ की," मुलगा म्हणाला. "सिंगल घेऊ. पलंगही सिंगल केला की खिडकीपाशी माझं ऑफिसचं टेबल बसतं. मी मोजून ठेवलंय."

"कधी मोजलंस?"

मुलाने फोनमध्ये डोकं घातलं. "तू फिरायला गेली होतीस तेव्हा."

सिस्टरनी कप विसळला, पालथा घातला आणि पायात चपला सरकवल्या. "चला. आजच जाऊ."

दुकान लांबलचक होतं. एकाला एक लागून गाद्या मांडलेल्या, प्रत्येकीवर प्लास्टिक. टाय लावलेला सेल्समन हसतमुखाने पुढे आला आणि थेट मुलाशीच बोलू लागला. "कुणासाठी बघताय साहेब? आईंसाठी? मग हे मॉडेल बघा. सिंगल, हलकं, सात वर्षांची वॉरंटी. आजींना पुष्कळ झालं."

"का?" सिस्टरनी विचारलं. "सात वर्षांनी मी कुठे जाणार आहे?"

सेल्समनचं हसू अर्ध्यावर अडकलं. मुलगा कानापर्यंत लाल झाला. सून पाठमोरी होऊन उशांच्या किमती वाचू लागली, पण तिचे खांदे हलत होते.

सिस्टर त्या सिंगल गादीच्या कडेवर बसल्या. कड भसकन खाली गेली. "हे बघा. म्हातारं माणूस पडतं ते झोपेत नाही पडत. उठताना, कडेवर बसून चपला शोधताना पडतं. ही कड मला सरळ जमिनीवर घालेल. पुढची दाखवा."

पुढची कुरकुरली. "ही आत्ताच तक्रार करतेय," सिस्टर म्हणाल्या. तिसरी इतकी मऊ होती की त्यांना उठवायला सुनेला हात द्यावा लागला. चौथ्या गादीपाशी सेल्समन छाती फुगवून म्हणाला, "ही आमची सगळ्यात कडक. पाठीला एकदम उत्तम."

"झोपा बरं हिच्यावर."

"कोण? मी?"

"तुम्हीच. बूट काढा आणि कुशीवर व्हा."

आवाज असा होता की त्याच्यापुढे हजारो पेशंट निमूट कुशीवर झाले होते. सेल्समनही झाला. तरी सिस्टरनी एक हात त्याच्या खांद्याला, एक कमरेला लावून त्याला सफाईने आणखी थोडं वळवलं, टाय बाजूला केला आणि त्याच्या कमरेखाली तळवा सारला. तळवा आरपार गेला.

"बघ," त्या मुलाला म्हणाल्या. "खांदा वर राहिलाय, कंबर अधांतरी आहे. सकाळी याची पाठ धरणार. कडक म्हणजे चांगली, हे कुणी सांगितलं?"

एव्हाना आजूबाजूची गिऱ्हाइकं जमली होती. एक पोटुशी बाई नवऱ्याला कोपराने ढोसत म्हणाली, "ऐक, नीट ऐक."

"आई, पुरे ना आता," मुलगा कुजबुजला. "लोक बघताहेत."

"बघू देत. त्यांनाही झोपायचंच आहे."

सेल्समन टाय सारखा करत उठला. चेष्टा झाली खरी, पण पहिल्यांदाच तो सिस्टरकडे बघून बोलला. "या इकडे." दुकानाच्या टोकाला त्याने अर्धी कापलेली एक गादी दाखवली. आत प्रत्येक स्प्रिंग आपापल्या कापडी पिशवीत बसवलेली, आणि कडेला जाड स्प्रिंगांची वेगळी रांग. सिस्टरनी एक स्प्रिंग मुठीने दाबली. तेवढीच दबली, शेजारची जागची हलली नाही. मग त्या कडेवर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. कड खचली नाही. शेवटी चपला काढून तसल्याच पूर्ण गादीवर आडव्या झाल्या आणि डोळे मिटून तब्बल वीस मिनिटं पडून राहिल्या. कुणाची उठवायची छाती झाली नाही.

"हीच," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. "पंधरा वर्षांची वॉरंटी आणि डबल."

"डबल?" मुलाचा आवाज चढला. "एकट्या माणसाला डबल कशाला?"

सिस्टर उठून बसल्या. "नोकरीत असताना खुर्चीवर डुलक्या काढल्या. तू लहान होतास तेव्हा तुझ्या लाथा खात पलंगाच्या काठावर निजले. नंतर तुझ्या बाबांच्या आजारपणात चार वर्षं एका कुशीवर, एक कान उघडा ठेवून. मला एकदा हातपाय पसरून झोपायचंय. पैसे माझे, पाठ माझी. डबलच."

तिसऱ्या दिवशी दोन हमाल गादी घेऊन आले. सिस्टर त्यांना वाट दाखवत खोलीत शिरल्या आणि थबकल्या. पलंग भिंतीला खेटवलेला होता आणि खिडकीपाशी मुलाचं टेबल, खुर्ची, दिवा, सगळं थाटात मांडलेलं. त्या बँकेत गेल्या होत्या तेवढ्यात त्याने काम उरकलं होतं.

"आधी ते टेबल बाहेर काढा," त्या हमालांना म्हणाल्या.

मुलगा दारात आडवा उभा राहिला. "आई, ते माझं ऑफिस आहे!"

"आणि ही माझी खोली आहे. विचारलं असतंस तर दिवसा दोन तास दिली असती. तू मोजमाप घेतलंस. मला विचारलं नाहीस."

हमाल एकदा मुलाकडे, एकदा सिस्टरकडे बघत राहिले. मुलगा हलला नाही. तेव्हा सून पुढे झाली. तिने दिव्याची पिन ओढली, दिवा काखोटीला मारला आणि नवऱ्याला म्हणाली, "सरका. त्यांच्या हातात ओझं आहे."

टेबल हॉलमध्ये गेलं. मुलगा त्याच्यामागे पाय आपटत गेला.

दुपारी सिस्टर नव्या गादीवर मधोमध, हातपाय फाकून पडल्या होत्या. कंबर कशी आपल्या जागी बसली होती. दार हलकेच ढकलून सून आत डोकावली. घड्या घातलेले कपडे ठेवायला आली होती, पण तशीच उभी राहिली.

"ये," सिस्टर म्हणाल्या आणि सरकल्या.

"नको आई, कामं पडलीत."

"पडू देत. कुशीवर हो. तशी नाही, अशी." त्यांनी तिला वळवलं, कमरेखाली हात घालून बघितलं. हात अडला. "छान. आता गप्प पड."

सून पाच मिनिटांत घोरू लागली. तासाभराने हॉलमधून मुलाचा आवाज आला, "चहा कोण करतंय?"

"तू," सिस्टर पडल्या पडल्या म्हणाल्या. "आणि हळू बोल. ती झोपलीय."